नव्वद मैलांचा हिशेब

मुनिरक्याहून मॅजेंटा लाईनची मेट्रो पकडली की पहिलं स्टेशन वसंत विहार, दुसरं शंकर विहार आणि तिसरं थेट टर्मिनल १. दिल्लीत पोस्टिंग आलेल्या, सरकारी घराच्या यादीत नाव लावून इथं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्याचं घर त्यामुळं आपोआप ट्रान्झिट कॅम्प होतं. लेहहून उतरलेला कोर्समेट, श्रीनगरला निघालेले जुन्या युनिटचे सुभेदार साहेब, सुट्टी संपवून परतणारा कुणाचा तरी भाचा. चहा होतो, पोहे होतात आणि मग मोबाईल पुढं येतो. "सर, हे मैल आणि पॉईंट काय भानगड आहे? आमच्या एवढ्याशा फ्लाईटला काही मिळतं का?"

प्रश्न रास्त आहे. आपण फौजी लोक वर्षानुवर्षं विमानात बसतो ते बहुतेक छोट्या पल्ल्यावर. दिल्ली ते लेह, दिल्ली ते श्रीनगर, जम्मू ते श्रीनगर, गुवाहाटी ते इंफाळ. लंडन-न्यूयॉर्कवाल्यांसाठी केलेल्या योजना आपल्याला कितपत लागू पडतात, हे प्रत्येकाला तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

आधी मैल म्हणजे काय ते पाहू. एनडीएत मॅप रीडिंग शिकताना रस्त्याचं अंतर दोऱ्यानं मोजायचं. नकाशावर दोरा वळणावळणानं न्यायचा, मग सरळ करून स्केलवर धरायचा. नुसती पट्टी ठेवून जे येतं ते हवाई अंतर. या दोन्हींतला फरक वर्गात डोक्यात शिरला नाही तरी कॅम्प तोरणामध्ये पोटऱ्यांनी नीट समजावून दिला. विमान कंपनीचा मैल हा पट्टीचा मैल. दोन विमानतळांमधली, पृथ्वीच्या गोलाईवरून काढलेली सर्वांत जवळची रेघ, आणि तीही १.६०९ किलोमीटरच्या जमिनीवरच्या मैलात. वैमानिक वापरतो तो १.८५२ किलोमीटरचा सागरी मैल इथं चालत नाही. दिल्लीवर धुकं असलं आणि विमानानं आकाशात पाऊण तास घिरट्या घातल्या तरी त्याबद्दल एक मैलही वाढत नाही.

या पट्टीनं मोजलं तर दिल्ली ते पुणे साधारण ७१५ मैल. दिल्ली ते श्रीनगर ४०० च्या आसपास, दिल्ली ते लेह ३८५. श्रीनगर ते लेह फक्त १६०, आणि जम्मू ते श्रीनगर तर जेमतेम ९०. श्रीनगर-लेह रस्त्यानं चारशे किलोमीटरहून जास्त आहे आणि मध्ये झोजिला आहे. जम्मू-श्रीनगर रस्त्यानं अडीचशे किलोमीटर किंवा त्याहून जास्त, आणि मध्ये रामबन, बनिहाल. ज्यानं हे रस्ते ट्रकच्या मागच्या भागात बसून काटलेत, त्याला ९० हा आकडा थट्टा वाटेल. पट्टीला घाट दिसत नाही.

ही सगळी मोजणी सुरू झाली अमेरिकेत. १ मे १९८१ रोजी, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनीच, अमेरिकन एअरलाईन्सनं 'ॲडव्हान्टेज' नावाची योजना काढली. हिशेब सोपा होता, जितके मैल उडाल तितके मैल खात्यात. ठरावीक मैल साठले की फुकट तिकीट. बाकीच्या कंपन्याही लगोलग त्याच वाटेनं गेल्या.

पण छोट्या पल्ल्याचं कोडं तिथंही पडलं. आठवड्याला चार वेळा शंभर-दीडशे मैलांचं विमान पकडणारा माणूस कंपनीचं पक्कं गिऱ्हाईक. वर्षातून एकदा महासागर ओलांडणारा तसा पाहुणाच. मैल मात्र पाहुण्याला ढीगभर आणि रोजच्याला चिमूटभर. शिवाय छोट्या पल्ल्याच्या माणसाला गाडीनं जायची सोय असते, तो कधीही हातचा जाऊ शकतो. म्हणून अनेक अमेरिकी कंपन्यांनी किमान मर्यादा घातली. उड्डाण कितीही छोटं असो, ५०० मैल धरायचे. त्या नियमानं जम्मू-श्रीनगरच्या ९० मैलांना ५०० मिळाले असते. मग काही बहाद्दर मुद्दाम मध्ये एक-दोन थांबे असलेली तिकिटं काढून, काम नसताना उडून मैल गोळा करू लागले. त्याला 'मायलेज रन' असं नावही पडलं.

साउथवेस्ट ही मुळात छोट्या पल्ल्याची कंपनी. तिनं मैल मोजायचेच नाहीत असं ठरवलं आणि फेऱ्या मोजल्या. एकेरी सोळा फेऱ्या झाल्या की जाऊन-येऊन एक तिकीट फुकट, मग त्या सोळा फेऱ्या दोनशे मैलांच्या असोत की दोन हजारांच्या. छोट्या पल्ल्याच्या प्रवाशाला याहून सरळ न्याय मला तरी दिसलेला नाही. २०११ मध्ये तिनंही तो सोडला आणि पैसे मोजायला लागली. डेल्टा आणि युनायटेड २०१५ मध्ये त्याच वाटेनं गेल्या, आणि ज्यांनी मैल मोजायची प्रथा रुजवली ती अमेरिकन २०१६ मध्ये. आता अंतर कितीही असो, तिकिटाला किती मोजलेत त्यावर पॉईंट.

आपल्याकडं जेट एअरवेजची 'जेट प्रिव्हिलेज' होती, किंगफिशरचा 'किंग क्लब' होता, एअर इंडियाची 'फ्लाईंग रिटर्न्स' होती. किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये जमिनीवर आली ती परत उडाली नाही. जेट १७ एप्रिल २०१९ ला थांबली. तिची मैलांची योजना वेगळी कंपनी म्हणून चालत होती, म्हणून 'इंटरमाईल्स' हे नाव घेऊन मागं राहिली. सांगायचा मुद्दा असा, की मैल हे बँकेतल्या ठेवीसारखे नसतात. कंपनी त्यांची किंमत बदलू शकते, मुदत घालू शकते, आणि उद्या ती स्वतः नसेल तर मैल घेऊन कुणाकडं जायचं हा प्रश्न उरतो.

मधल्या काळात आपल्याच पंथातल्या एका माणसानं वेगळा विचार केला. कॅप्टन गोपीनाथ, एनडीएचे, फौजेतून लवकर बाहेर पडलेले. २००३ साली त्यांनी एअर डेक्कन सुरू केली, छोटी एटीआर विमानं, छोटे पल्ले, लहान शहरं. मैल नाहीत, पॉईंट नाहीत. तिकीटच स्वस्त, हेच बक्षीस. सरकारची उडान योजनाही त्याच जातकुळीतली. २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली विमानानं तिची सुरुवात झाली आणि त्याच दिवशी आपल्या नांदेडहून हैदराबादचीही. तासाभराच्या उड्डाणाला काही जागांसाठी अडीच हजार रुपयांची कमाल मर्यादा. छोट्या पल्ल्याच्या माणसाला आज खिशातून कमी गेलेले पाचशे रुपये, तीन वर्षांनी मिळणाऱ्या मैलांपेक्षा केव्हाही बरे.

आजची स्थिती अशी आहे. २००६ पासून उडणाऱ्या इंडिगोनं २०२४ मध्ये 'ब्लूचिप' आणली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. एअर इंडियानं त्याच वर्षी अंतराचा हिशेब सोडून खर्चाचा धरला आणि पुढच्या वर्षी योजनेचं नाव 'महाराजा क्लब' झालं. दोन्हीकडं पॉईंट रुपयांवर. म्हणजे "छोट्या फ्लाईटला किती मैल?" या प्रश्नाला आता थेट उत्तरच उरलं नाही. तिकीट केवढ्याला पडलं ते सांगा, मग सांगतो.

एक उदाहरण घेऊ. समजा एखादी योजना शंभर रुपयांना ६ पॉईंट देते. तुम्ही ३,००० चं जम्मू-श्रीनगर तिकीट काढलं. यात विमानतळाचे आकार आणि कर साधारणपणे धरत नाहीत, म्हणून समजा २,२०० वर हिशेब झाला. पॉईंट आले १३२. सुट्टीच्या गर्दीत तेच तिकीट ८,००० ला मिळालं आणि त्यातले ७,००० मोजले गेले, तर पॉईंट ४२०. विमान तेच, घाट तोच, तुम्हीही तेच. पॉईंट तिप्पट मिळाले कारण खिसा तिप्पट कापला गेला. आमचे एक सुभेदार साहेब हे ऐकून म्हणाले, "म्हणजे सर, जास्त लुबाडला गेलेल्याला जास्त शाबासकी." यापुढं मी काय बोलणार!

छोट्या पल्ल्यावर आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, सवलतीच्या किंवा फार स्वस्त तिकिटांना अनेक योजनांत कमी पॉईंट मिळतात, कधी मिळतही नाहीत. डिफेन्स सवलत घेताना ते आधी वाचून घ्या, पण सवलत आणि पॉईंट यांत निवडायची वेळ आली तर डोळे झाकून सवलत घ्या. दोन, पॉईंट देऊन 'फुकट' तिकीट काढलं तरी कर आणि विमानतळाचे पैसे बहुधा रोखीनंच भरावे लागतात. छोट्या पल्ल्याच्या स्वस्त तिकिटात या पैशांचा वाटा मोठा असतो, त्यामुळं पॉईंट खर्चूनही वाचतं थोडंच. पॉईंट वापरायची खरी वेळ म्हणजे अचानक निघावं लागलं आणि तिकीट आभाळाला भिडलेलं असलं तेव्हाची.

आता थोडी अवघड गोष्ट. मागच्या हिवाळ्यात एक तरुण कॅप्टन घरी आला होता. महिन्यातून दोनदा ड्यूटीवर विमानानं फिरणं. त्यानं विचारलं, "सर, ड्यूटीच्या तिकिटावर माझा मेंबर नंबर टाकला तर काय बिघडलं? पॉईंट कुणीच वापरले नाहीत तर वायाच जाणार ना?"

सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारनं जुलै २०१७ मध्ये प्रवासभत्त्याचे जे आदेश काढले, त्यांत हे स्पष्ट आहे. सरकारी खर्चाच्या तिकिटावर मिळालेले मैल त्या खात्याच्या दुसऱ्या सरकारी प्रवासासाठीच वापरायचे. खासगी प्रवासाला वापरले तर खात्यांतर्गत कारवाई. तर्क साधा आहे, तिकिटाचे पैसे ज्याचे, त्यावरचा फायदाही त्याचा. अडचण एवढीच, की मैलांचं खातं असतं माणसाच्या नावावर. पोस्टिंग बदलली की माणूस आणि पॉईंट दोन्ही गेले, आणि मागं कुणी विचारायलाही येत नाही.

मी त्याला सांगितलं की माझी पद्धत सोपी आहे. ड्यूटीच्या तिकिटावर नंबर टाकायचाच नाही, म्हणजे पुढचा मोहही नाही आणि हिशेबही नाही. तो म्हणाला, "सर, दीडशे-दोनशे पॉईंटचा तर प्रश्न आहे." त्यावर मी त्याला आमच्या कंपनीच्या कॅन्टीनचा हिशेब ठेवणाऱ्या हवालदाराबद्दल सांगितलं. चार रुपयांचा फरक आला म्हणून तो रात्री अकरापर्यंत वही घेऊन बसला होता. त्याला कुणी बसवलं नव्हतं. ज्या माणसाच्या हाताखाली असे हवालदार असतात, त्यानं दोनशे पॉईंट लहान आहेत असं म्हणू नये. कॅप्टन काही बोलला नाही. पण परवा त्याचा मेसेज आला, की त्यानं ड्यूटीच्या बुकिंगमधून नंबर काढून टाकलाय.

तसं पाहिलं तर आपल्या नोकरीतले सर्वांत अवघड पल्ले कुठल्याच खात्यात जमा होत नाहीत. चंडीगडहून लेह किंवा थॉईसला जाणारं आयएल-७६ किंवा एएन-३२ आठवा. पहाटे तीनला रिपोर्टिंग, बाकड्यावर खांद्याला खांदा, कानात कापूस, आणि हवामान बिघडलं तर अर्ध्या वाटेवरून परत. मग उद्या पुन्हा पहाटे तीन.

एका उड्डाणाबद्दल सांगतो. काही वर्षांपूर्वी आमची कंपनी उत्तर काश्मीरमध्ये होती. रात्री नऊच्या सुमारास सातारा जिल्ह्यातल्या एका जवानाच्या घरून फोन आला, वडील गेले. रस्त्यानं निघाला असता तर कॉन्व्हॉयनं जम्मू, पुढं झेलम एक्सप्रेसनं पुण्यापर्यंत जवळपास चाळीस तास, मग एसटी. दरड कोसळली नाही असं धरलं तरी तीन-चार दिवस. सीओ साहेबांनी रात्रीच सुट्टी मंजूर केली. क्लार्कनं श्रीनगर-दिल्ली-पुणे तिकीट काढलं आणि पहाटे त्याला गाडीनं श्रीनगरला सोडलं. गावानं संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. पोरगा मातीला पोचला.

महिन्यानं परत आला तेव्हा त्यानं मला मोबाईल दाखवला. बुकिंग करताना क्लार्कनं त्याच्या नावानं मेंबर खातंही उघडून टाकलं होतं, आणि कंपनीचा अभिनंदनाचा मेसेज आला होता. त्याला वाटलं, काही पैसे कापले गेलेत. म्हटलं, "नाही रे, कापले नाहीत, तुला पॉईंट मिळालेत." त्यानं विचारलं, "कशाबद्दल, साहेब?" मला पटकन काही सुचलं नाही. "विमानानं गेलास म्हणून," एवढंच म्हणालो.

त्या जवानानं तिकीट स्वतःच्या पैशानं काढलं होतं. सगळ्यांना ते जमत नाही, आणि तेव्हा केंद्रीय सुरक्षा दलांच्या शिपायाला काश्मीरला ये-जा करायला विमानाचा हक्कही नव्हता. १४ फेब्रुवारी २०१९ ला जम्मूहून श्रीनगरला निघालेल्या सीआरपीएफच्या कॉन्व्हॉयमध्ये ७८ गाड्या आणि अडीच हजारांहून जास्त माणसं होती. बर्फामुळं हायवे काही दिवस बंद होता, म्हणून एवढी माणसं एकदम निघाली. त्यांतले बरेच सुट्टी संपवून परतत होते. लेथपोरा इथं ४० जण गेले. त्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोघं होते. त्यानंतर आठवड्यानं, २१ फेब्रुवारीला, गृह मंत्रालयानं आदेश काढला, की दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर या मार्गांवर केंद्रीय दलांच्या सर्व जवानांना ड्यूटी आणि सुट्टी या दोन्हींसाठी विमानप्रवासाचा हक्क राहील. कॉन्स्टेबल, हेड कॉन्स्टेबल, एएसआय मिळून सुमारे ७ लाख ८० हजार माणसांना तो पहिल्यांदाच मिळाला.

आम्ही फौजेत, ते सीआरपीएफमध्ये, पण रस्ता एकच. जम्मूच्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये रस्ता उघडायची वाट पाहत बसलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांत मीही होतो. पट्टीनं मोजलेले ते ९० मैल म्हणजे पाऊण तासाचं उड्डाण. त्यासाठी जगातल्या कुठल्याही योजनेत नाव घेण्यासारखं काही मिळणार नाही. आता ६ जून २०२५ पासून कटरा-श्रीनगर वंदे भारतही सुरू झाली आहे, म्हणजे त्या घाटाला आणखी एक पर्याय आला.

माझ्या आईला मैल कळत नाहीत. गेल्या वीस-बावीस वर्षांत तिनं एकदाही विचारलं नाही की किती लांबून आलास. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकते आणि विचारते, "किती दिवस आहेस?" आपल्या सुट्टीचा हिशेबही दिवसांचाच. वर्षाला साठ दिवस ॲन्युअल आणि वर थोडी कॅज्युअल. दहा दिवसांच्या कॅज्युअलमधले जायला तीन आणि यायला तीन प्रवासात गेले, तर घरात उरतात चार. त्यातला एक सत्यनारायणाचा, एक बँकेचा, एक सासुरवाडीचा. चारशे मैलांच्या विमानानं एकेका बाजूचे दोन दिवस वाचवले तर चाराचे आठ होतात. हा हिशेब कुठल्याही ॲपवर दिसत नाही, तो स्वतःच करावा लागतो.

म्हणून विचारणाऱ्यांना मी आता हेच सांगतो. स्वतःच्या पैशानं काढलेल्या तिकिटावर मेंबर नंबर जरूर टाका, बायकोचं आणि आई-वडिलांचं खातंही उघडा, फुकट आहे. जिथं कुटुंबाचे पॉईंट एकत्र करता येतात तिथं ते करा, छोट्या पल्ल्यावर तेवढीच बेरीज होते. ड्यूटीच्या तिकिटावर टाकू नका. पॉईंटसाठी महाग तिकीट किंवा लांबचा थांबा घेऊ नका. साठलेले पॉईंट वर्षानुवर्षं जपू नका, घरातलं कुणी आजारी पडलं आणि तिकीट परवडेना झालं की वापरून टाका. आणि कंपनी कमांडर असाल तर सुट्टीचा अर्ज आला की त्यावर दोन तारखा लिहून घ्या, युनिट सोडायची आणि घरी पोचायची. मधले दिवस जास्त दिसले तर जवानाला बोलावून विचारा की विमानाचं काय, पैशाचं काय. बऱ्याचदा तो स्वतः सांगणार नाही.

जय हिंद.